खाणीतलं पाणी जातं कुठं?

बार्शीत माझी खानावळ आहे. मुळशीहून परतले तेव्हा ताटावर बसलेला जो तो विचारायचा, "मावशी, धरण पाहिलं का? धबधबे पाहिले का?" मी सांगायची, धरण लांबून पाहिलं, धबधब्यांना सवड झाली नाही, मी आपली एक बंद पडलेली दगडाची खाण बघून आले. त्यावर लोक माझ्याकडे असे बघायचे की जणू आमटीत मीठ विसरलेय. खाण बघायला कुणी जातं का, म्हणायचे आणि पुढची भाकरी मागायचे. जेवण झाल्यावर ऐकतील म्हणून थांबले, पण पोट भरलेल्या माणसाला झोप येते, तो ऐकत नाही. म्हणून लिहून काढलं. तुम्ही त्या बाजूला गेला नसाल, आणि गेला असाल तर कणीस खाऊन, फोटो काढून परत आला असाल.

एक आधीच सांगते. त्या डोंगरात पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघतं, हे मला अजूनही धड कळलेलं नाही. तिथं राहणाऱ्यांनाही कळलेलं नाही. फक्त माझ्या दाजींना कळलेलं होतं, आणि तेच चुकलं.

गौरी आल्या तो दिवस

दोन हजार सहाचा भाद्रपद. आमच्या भावकीत दुःख झालं होतं, त्यामुळे त्या वर्षी घरी महालक्ष्म्या बसणार नव्हत्या. एरवी त्या दिवसांत मला मान वर करायला फुरसत नसते. ताईचा फोन आला, "ये की गं, किती वर्सं नुसती येते येते म्हणतीस." ताई माझी थोरली बहीण. आम्ही बार्शीकडच्या, पण ती मुळशीत दिली, त्याचीही गोष्टच आहे. दाजी तरुणपणी विहिरींना सुरुंग लावत गावोगाव फिरायचे. आमच्या वडिलांच्या विहिरीला सुरुंग लावायला आले. विहिरीला पाणी काही लागलं नाही, वडिलांना जावई मात्र लागला. पुढं दाजी त्यांच्या गावाकडं परतले आणि माले गावाच्या वरच्या अंगाला दगडाची खाण निघाली, तिथं सुरुंग लावायच्या कामाला राहिले.

प्रवासाचं सांगत बसत नाही. चांदणी चौक ओलांडला तसं भूगावला इमारतींचं रान लागलं, बांबूंच्या परांच्या बांधलेल्या, खडीचे ढीग पडलेले. शेजारची बाई म्हणाली, हितं फ्लॅट घ्यायला आता उशीर झाला. पौडपासून जीप. जीपमध्ये माणसं किती कोंबली होती ते विचारू नका, माझ्या मांडीवर कुणाचातरी कोंबडा होता आणि त्याला माझी साडी आवडली होती.

माल्याच्या फाट्यावर दाजी छत्री घेऊन उभे. उंच, वाळलेले, डाव्या कानानं कमी ऐकणारे. सुरुंगांनी त्यांचा तो कान नेला. तब्येत कशी, पोरं कशी, काही नाही. पिशवी हातात घेतली आणि म्हणाले, "मेव्हणीबाई, आधी माझी झाडं बघायची का च्या प्यायचा?" मी म्हटलं, "दाजी, मी भिजलेय, मला कोंबड्यानं टोचलंय, आधी चहा."

वाट चढताना मी नुसती बघत राहिले. वाटेवर पाणी, वाटेच्या कडेला पाणी, भाताच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी, कुणाचं काही लक्षच नाही त्याच्याकडं. आमच्याकडं एवढं वाहिलं असतं तर लोकांनी भांडी घेऊन रांग लावली असती आणि रांगेत भांडणं केली असती. मी तसं ताईला बोलले, तर चुलीपुढं बसलेली ताई म्हणाली, "आत्ता बघ. शिमगा झाल्यावर ये. झिरा आटतो आन् आमी टँकरची वाट बघत बसतो."

झिरा म्हणजे वाडीचा पाण्याचा झरा. मला वाटलं माझी चेष्टा करतेय. एवढा पाऊस, वर डोंगर, पलीकडं केवढं धरण, आणि टँकर? टँकर बार्शीला यायचा, मुळशीला कशाला? ताई म्हणाली, धरण खाली हाय, वाडी वर हाय, पानी काय जिना चढून येनार हाय का? मी शेपू निवडायला घेतला.

त्या संध्याकाळी गौरी आणायच्या होत्या. आमच्याकडं मुखवटे असतात, साड्या, दागिने, पुढं फराळाची आरास. इथं गौर म्हणजे तेरड्याची रोपं. बायका रानातून तेरडा मुळासकट उपटतात, पाणवठ्यावर धुतात, आणि तीच गौर म्हणून वाजतगाजत घरी आणतात. पहिल्या दिवशी नैवेद्य शेपूची भाजी आणि भाकरी. मी मनात म्हटलं, एवढ्यात भागतं का देवीचं? पण तो गुलाबी, पांढरा तेरडा पाटावर ठेवून ताईनं हळदकुंकू वाहिलं तेव्हा मला आमच्या मुखवट्यांची आठवणही झाली नाही.

खाण

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं जेवण झालं आणि दाजींनी मला धरलंच. बरोबर बार्शीची शेंगाची चटणी होती, तीसुद्धा त्यांनी धड खाऊ दिली नाही.

तुम्हाला नीट समजावं म्हणून सांगते. जिन्याच्या तीन पायऱ्या समजा. सगळ्यात वरच्या पायरीवर दाजींची झाडं. मधल्या पायरीवर पडीक. खालच्या पायरीवर वाडी, आणि वाडीच्या डोक्याशी झिरा. वरच्या दोन्ही पायऱ्या म्हणजे जुनी खाण. दगड काढून झाला, खाणवाले निघून गेले, मागं दोन खड्डे राहिले.

वरचा खड्डा पुण्याच्या एका कंपनीनं भरून दिला. बाहेरून माती आणली, पावसात वाहून जाऊ नये म्हणून तिच्यावर रोलर फिरवून फिरवून ती घट्ट केली, आणि झाडं लावली. करंज, शिसव, कांचन, कडेला बांबू. सगळी ओळीत. एका कोपऱ्यात तळं, त्याला दगडी पायऱ्या. तळं भरलं की जादा पाणी बाहेर पडायला बाजूला सांडवा. झाडांची राखण दाजींनी अंगावर घेतली. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे नेऊन घातले, गुरं हाकलली, वणव्याच्या वेळी ओल्या फांद्यांनी आग झोडपली. कंपनीचे लोक वर्षातून एकदा येतात, दाजींच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात.

"ह्यो डोंगर म्या फोडलाय, शालन," दाजी म्हणाले. "वाडीतल्या कुनी तोंडावर म्हनत न्हाई, पर झिरा कशानं आटाय लागला त्ये सगळ्यांना ठावं हाय. आता ह्या झाडांनी झिरा परत आनला. पूर्वी संक्रांतीलाच आटायचा, आता शिमग्यापत्तुर टिकतो. ही झाडं पानी धरत्यात, जमिनीत मुरवत्यात, आन् त्येच खाली झिऱ्याला जातं."

मी म्हटलं, "व्हय दाजी." दुसरं काय म्हणणार?

मग आम्ही मधल्या पायरीवर उतरलो. तिथं कुणी काही केलेलं नाही. फुटक्या दगडांचे ढीग जिथं टाकले तिथंच, त्यांच्यावर करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, धायटी, सुरुंगानं चिरलेल्या कड्यातून वाकडातिकडा उंबर बाहेर आलेला. आणि तेरडा, जिकडं बघाल तिकडं तेरडा. गौरी इथूनच आणल्या होत्या. मी एका दगडावर पाय ठेवला, तो हलला, आणि मी जी बसले ती थेट कमरेपर्यंत दोन दगडांच्या फटीत. दाजींनी बखोटीला धरून ओढून काढलं. एक चप्पल खालीच राहिली. ती आता त्या डोंगराची.

पण बसल्या जागी मला एक गंमत दिसली. वरून दाजींच्या सांडव्याचं पाणी खळखळत खाली येत होतं, चांगला मनगटाएवढा झोत. दगडांत शिरत होतं आणि दिसेनासं होत होतं. पुढं ओहोळ नाही, चिखल नाही, काही नाही. मी दोन्ही हातांनी पाला बाजूला सारून बघितलं. नुसता खालून आवाज यायचा.

"दाजी, हे पाणी गेलं कुठं?"

"वाया," दाजी म्हणाले. "म्हनून तर ही बाजूबी नीट करायची हाय. परवा पोकलेन यील, पाठोपाठ रोलर. सगळे दगड दाबून सपाट करायचे, वर माती, वर झाडं, माज्या बाजूसारखी. मग झिरा बारमाही. म्या कंपनीला सांगून सांगून आनलंय ह्ये. वाडीनं हात वर करून व्हय म्हटलंय."

"सगळ्यांनी न्हाई," मागून आवाज आला.

ही चिमाबाई. वाडीतली शेळ्यांवाली, दाजींपेक्षा वयानं मोठी, तोंडात सदा मिश्री. तिच्या शेळ्या या पडीकातच चरतात. "म्या हात वर केला न्हाई," ती म्हणाली. "ह्या सुरुंग्याची झाडं गुडघ्याएवढी व्हती तवाच झिरा परत आलाया. झाडांचा काय संबंद न्हाई त्यात."

"मग पानी कुटनं येतं, सांग की," दाजी उसळले.

"देवीच्या पायाखालनं. वरच्या कड्यात देवी हाय."

"देवीच्या पायाखालनं आलं असतं तर उन्हाळ्यात बंद झालं असतं का? उन्हाळ्यात देवी माहेरी जाती व्हय?"

"तुज्या तोंडाला लागन्यात अर्थ न्हाई," चिमाबाई म्हणाली आणि शेळ्या हाकत गेली. वाडीतल्या आणखी एकाला विचारलं, तो म्हणाला धरणाचंच पाणी आतून चढतं. मी घरी येऊन ताईला विचारलं. ताई म्हणाली, "मला पानी भरायचं माहीत हाय, कुटनं येतं त्ये मी कशाला विचारू?" एका झिऱ्याला इतके बाप! माझं डोकं पार चक्रावलं.

विसर्जन

इथं गणपती गौरींबरोबरच जातो. वाडीचा एकच गणपती, देवळात बसवलेला. दरवर्षी तो खाली ओढ्यात सोडतात. त्या वर्षी पोरांनी टूम काढली, ओढ्याला चिखल हाय, दाजींच्या तळ्याला पायऱ्या हायेत, तिथंच नेऊ. दाजींची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली.

ढोल, लेझीम, आणि गुलाल. आमच्याकडंही गुलाल उधळतात, पण इथं निवडणुकीतला उरलेला गुलाल कुणीतरी पोत्यानं आणला होता. माणसं ओळखू येईनात. मी कडेला उभी होते तरी माझे केस पार धुवायच्या लायकीचे झाले. गणपती पाण्यात गेला, त्याच्यामागं पोरं पाण्यात गेली, आणि त्यांच्यामागं उरलेलं पोतं कुणीतरी तळ्यात उलटं केलं. तळं भडक गुलाबी झालं. सगळे "मोरया" म्हणून ओरडले. मीही ओरडले. काय होणार आहे हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

ताईनं त्या दिवशी ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा केला. गौरी गेल्यावर त्यांच्याकडं तिखट चालतं. आमच्या बार्शीत सांगितलं तर लोक कानांवर हात ठेवतील, पण रस्सा असा होता की मी दोनदा भात घेतला आणि खेकड्याच्या नांग्या फोडताना दाजींशी वादही घालायला विसरले.

गुलाबी पाणी

सकाळी बायकांची बोंब ऐकून मी बाहेर आले. झिऱ्याला दगडी पन्हाळ बसवलेली आहे, तिच्यातून पाणी पडतं, खाली बायका हंडे लावतात. पन्हाळीतून गुलाबी पाणी पडत होतं. बायकांनी हंडे बाजूला ठेवले होते आणि कपाळाला हात लावून बसल्या होत्या. एकजण म्हणाली, देवी कोपली. दुसरी म्हणाली, देवी कशाला कोपंल, तुझ्या पोरानंच पोतं वतलं. मग जे भांडण जुंपलं ते खालच्या माल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. प्यायचं पाणी आता खालच्या विहिरीवरून डोक्यावर वाहायचं होतं, चढ चढून.

आणि दाजी! दाजी धावत आले, पन्हाळीखाली ओंजळ धरली, ते गुलाबी पाणी बघितलं, आणि अक्षरशः नाचले. "बघा! बघा की! माज्या तळ्याचं पानी झिऱ्याला आलं! माज्या जमिनीत मुरून आलं!" अंगावर पाणी उडवून घेतलं. बायका हंडे घेऊन त्यांच्या अंगावर जायच्या बाकी होत्या. पण मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. ज्या माणसानं इतकी वर्षं डोंगर फोडल्याचा सल बाळगला, त्याला डोंगरानं उत्तर दिलं असं त्याला वाटत होतं.

"मुरून कशाचं?" चिमाबाई म्हणाली. तीही रिकामा हंडा घेऊन उभी होती. "सांडव्यावरनं पडीकात पडतं आन् दगडांत शिरतं. ह्या बारशीवालीनं बघितलंया. तिथनं आलं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कशाला बोलले त्या दिवशी, असं झालं मला. "मला काय कळतं," मी म्हटलं, "मी आपली खानावळवाली."

दाजींचं तोंड लाल झालं. गुलालानं आधीच होतं. "बरं," ते म्हणाले, "सांडवा बंद करतो. वाळूची पोती लावून. पडीकात एक थेंब जाऊ द्यायचा न्हाई. तरीबी उद्या झिऱ्याला गुलाबी आलं, तर कबूल करशील का, माज्या झाडांखालनं येतं म्हनून?"

"करीन," चिमाबाई म्हणाली. "आन् न्हाई आलं तर?"

दाजी वाळूची पोती आणायला चालू लागले. पोकलेन त्याच दुपारी आला. पिवळा, लोखंडी, लांब हाताचा, पडीकाच्या तोंडाशी उभा केलेला. त्याचा ड्रायव्हर परप्रांतातला एक गप्पिष्ट माणूस, कांदा आणि मिरची लावून चपात्या खात बसला होता. रोलर दोन दिवसांनी येणार होता. मला तेव्हा एकदम लख्ख कळलं की काय पणाला लागलंय. चिमाबाईचं खरं असेल, तर रोलर फिरल्यावर या वाडीचा शिमग्यापर्यंतचा झिराही जाईल. आणि त्यासाठी रोलर आणलाय दाजींनीच.

सांडवा

दाजींनी आणि पोरांनी पोती रचली, फटींत चिखल भरला. सांडवा थांबला. पाऊसही उघडला होता, त्यामुळे पाहायला सोपं होतं. मी पण माझी अक्कल चालवली. म्हटलं, पडीकात एक छोटं डबकं आहे, त्यात हळद टाकू. झिरा पिवळा झाला तर समजेल, पाणी इथून जातं. हळदीचं पाणी प्यायला कुणाची ना नाही. ताईच्या डब्यातली सगळी हळद नेऊन टाकली. डाळीत हळद कमी-जास्त झाली तर नुसत्या रंगावरून ओळखते मी, म्हणून फार विश्वासानं पन्हाळीखाली पातेलं धरून बसले. काही नाही. पिवळं सोडाच, छटाही नाही. ताईनं हळदीचा रिकामा डबा मला दाखवला.

"बघ," दाजी खूश झाले, "पडीकातनं काय जात न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं झिऱ्यावर गेलो, दाजी, चिमाबाई आणि मी. दाजींनी घरातलं पांढरं चिनीमातीचं बशीसारखं भांडं आणलं होतं, रंग नीट दिसावा म्हणून. पन्हाळीखाली धरलं. पाणी स्वच्छ. आणि धार आदल्या दिवशीपेक्षा बारीक.

दाजींनी ते पाणी ओतलं, परत धरलं. परत ओतलं, परत धरलं. भांडं उजेडाकडं वळवून बघितलं. मला म्हणाले, "तुला जरासं गुलाबी दिसतंय का? तुझे डोळे चांगले हायेत." मला खोटं बोलावंसं वाटलं, खरंच सांगते. जीभ रेटली नाही.

वर गेलो. तळं काठोकाठ भरलेलं, गुलाबी, तसंच्या तसं. झाडांच्या ओळींमध्ये पाणी साचून उभं होतं, रोलरनं घट्ट केलेल्या मातीवर, जसं परातीत राहतं तसं. मुरत नव्हतं. दाजी त्या पाण्यात टाच रोवून बघत होते. टाच आत जाईना.

चिमाबाईनं एक पोतं ओढून बाजूला केलं. सांडवा सुटला. गुलाबी पाणी खळखळत खाली गेलं आणि दगडांत दिसेनासं झालं. मी घरी जाऊन पोळ्या लाटल्या, तेवढ्यात ताई झिऱ्यावरून रिकामा हंडा घेऊन परत आली. "पुन्ना गुलाबी झालं गं बाई," म्हणाली.

मग माझ्या हळदीचं काय झालं? चिमाबाई म्हणते बुडाशी बसली असेल. आणि दाजींचं तळं नसतं तर तो पाऊस थेट डोंगरावरून वाहून गेला असता, मग दगडांत शिरायला काय उरलं असतं? म्हणजे दाजींच्या तळ्याचंही खरं, पडीकाचंही खरं, झाडांचं मात्र काय ते कळेना. चिमाबाई तर अजून म्हणते, ते सगळं राहू द्या, पहिलं पाणी देवीचंच. मी विचार करून करून थकले आणि त्या दिवशी आमटी करपवली. बार्शीत कुणाला सांगू नका.

दाजी दुपारी जेवले नाहीत. ओसरीवर बसून होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "शालन, इतकी वर्सं म्या झाडांना पानी घातलं, आन् त्या झाडांनी झिऱ्याला थेंब दिला न्हाई." आणि रडले. ताई आतून ऐकत होती, पण बाहेर आली नाही. नवऱ्याचं रडणं बघायचं नाही असं तिनं ठरवलं असावं. मीच उभी राहून पदरानं वारा घालत राहिले. भाद्रपदात, पावसाळी हवेत.

पोकलेन

माझा निघायचा दिवस. जीप दुपारची होती, पण सकाळीच गलका ऐकू आला, म्हणून मी ताईच्या चपला घालून वर पळाले, माझी एकच उरली होती. रोलर यायला निघाला होता. पोकलेन सुरू झाला होता. पडीकाच्या तोंडाशी चिमाबाई शेळ्यांसकट वाटेत बसली होती. ड्रायव्हर ओरडत होता, "माताजी, हट जाइए, मेरा टाइम खराब हो रहा है." शेळ्या पोकलेनच्या पट्ट्यावरचं गवत खात होत्या.

वाडी जमलेली. निम्मे म्हणत होते कंपनीनं देऊ केलंय तर होऊ दे, झाडं लागली तर मजुरी मिळेल. निम्मे म्हणत होते झिरा गेला तर मजुरी पिणार का. सगळे दाजींची वाट बघत होते, कारण फोन करून हे सगळं त्यांनी आणलं होतं.

दाजी आले. आधी उंच दगडावर चढले, तिथंच मोबाइलला रेंज येते, आणि कंपनीच्या साहेबांना सांगितलं, रोलर पाठवू नका. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. दाजी म्हणाले, "साहेब, मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई," आणि फोन डाव्या कानाला लावला. मी तिथं उभी होते, मला हसू आवरेना. थोड्या वेळानं त्यांनी फोन खिशात टाकला.

मग ड्रायव्हरजवळ गेले. "इधर नही," म्हणाले. "ऊपर."

"ऊपर तो पेड़ हैं, काका."

"मेरेच है. चल."

चिमाबाई उठून उभी राहिली. "काय करतोस रं?"

"माती दाबली म्हनून पानी मुरत न्हाई," दाजी म्हणाले. "दाब फोडतो. झाडांच्या दोन ओळींमधनं खोल चर वढायला लावतो. काही झाडं जात्याल. जाऊंदे."

"आन् मुरलं तर खाली यील का झिऱ्याला?"

"म्हाईत न्हाई, चिमाबाई," दाजी म्हणाले. "खरंच म्हाईत न्हाई."

चिमाबाईनं शेळ्यांना हाकारा दिला, वाट मोकळी केली, आणि स्वतः पोकलेनच्या पुढं पुढं चढायला लागली, झाडांना बांधलेले काठीचे आधार हातानं काढत, म्हणजे यंत्राच्या दातात अडकू नयेत. सगळी वाडी मागून चढली.

दाजींनी ओळ दाखवली. कांचनची ओळ होती, पहिल्या वर्षी लावलेली. ड्रायव्हरनं लांब हात उचलला. दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"सुरुंगाची वात पेटवली की आमी पळायचो, शालन," ते म्हणाले. "आज तसंच पळावं वाटतंय."

लोखंडी दात घट्ट मातीत शिरला, एक कांचन मुळासकट कलला, आणि दाजी तिथंच उभे राहिले.